पलंगावरून सांगितलेला स्वयंपाक

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा कागद दोनदा पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "पुना-वुना सब कॅन्सल. अब बस लेटना है."

देविकाला तिसावा आठवडा चालू होता. बाळंतपणाला पुण्याला माहेरी जायचं हे ठरलेलंच होतं. तिकिटं काढून झाली होती, आईने जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून ठेवली होती, वडिलांनी शेजाऱ्यांना सांगून त्यांचा कुत्रा रात्रीपुरता मागच्या बाजूला बांधायची व्यवस्था केली होती. सगळं मुसळ केरात गेलं.

"वार खाली आहे," घरी आल्यावर सासूबाईंनी, म्हणजे अरुणाताईंनी, मुलाला समजावून सांगितलं.

"कौन सा वार?" उन्मेषने विचारलं.

देविकाचा हा नवरा दिल्लीत जन्मला, दिल्लीतच वाढला. घरात मराठी बोलायचा, पण जरा आडवळणाचा शब्द आला की परमुलखातल्या पाहुण्यासारखा बघत राहायचा.

"सोमवार," देविका म्हणाली. "सोमवार खाली आलाय, त्यामुळे बाकीचा आठवडा तुंबलाय."

"अरे यार, सीरियसली सांग ना."

मग अरुणाताईंनी सीरियसली सांगितलं. ज्या वारेतून बाळाचं पोषण होतं ती गर्भाशयाच्या तोंडाशी आली आहे. देविका हिंडली-फिरली, जिने चढली-उतरली, तर रक्त जायला लागेल आणि ते दोघांच्याही जिवाला बरं नाही. उन्मेषचा चेहरा पांढरा पडला आणि त्याने देविकाच्या हातातला पाण्याचा पेला काढून घेतला.

"पाणी प्यायलेलं चालतं रे," अरुणाताई म्हणाल्या.

हे दोन हजार एक सालच्या मे महिन्यात घडलं. दिल्लीतल्या द्वारका भागात, एका नव्या सोसायटीत उन्मेष आणि देविकाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. लिफ्टसाठी जागा सोडलेली होती, लिफ्ट यायची होती. बाजारही यायचा होता, मेट्रोही यायची होती. आली होती ती फक्त माणसं, आणि डोक्यावरून दर दहा मिनिटांनी जाणारी विमानं. उन्मेषचं ऑफिस नोएडात, म्हणजे दिल्लीच्या बरोब्बर दुसऱ्या टोकाला. देविकाचंही तिथेच, वेगळ्या कंपनीत. सकाळी साडेसातला निघायचं आणि परत यायला रात्रीचे आठ. आता देविका रजेवर गेली, पण दिवसभर तिच्यापाशी कुणीतरी हवं होतं. कामवाली लग्नाला म्हणून मधुबनीला गेली होती आणि लग्न एकच नव्हतं असं दिसत होतं. देविकाच्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे आईला जुलैआधी निघता येत नव्हतं. अरुणाताईंची नोकरी अजून तीन वर्षं होती. त्या सरकारी कचेरीत होत्या, आर. के. पुरमचं क्वार्टर त्यांच्याच नावावर होतं, आणि रजा त्या बाळंतपणासाठी राखून ठेवत होत्या.

राहिले राजाभाऊ. ते देविकाचे सासरे. वर्षभरापूर्वी एका मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले. ही सगळी चर्चा चालू असताना ते खुर्चीत पेपर वाचत होते. चर्चा थांबल्यावर त्यांनी वर पाहिलं तर तिघेही त्यांच्याकडे बघत होते.

"मी?" ते म्हणाले.

लग्नाला चार वर्षं झाली होती, पण देविका सासऱ्यांशी एकूण शंभर वाक्यं बोलली असेल की नाही कोण जाणे. त्यातली निम्मी "चहा घेणार का, बाबा?" अशी होती. माणूस वाईट नव्हता. फक्त पेपरच्या मागे राहायचा.

दुसऱ्याच दिवसापासून राजाभाऊ सकाळी सव्वानऊला हजर होऊ लागले. आर. के. पुरमहून बसने यायचे, हातात कापडी पिशवी. पिशवीत पेपर, पाण्याची बाटली आणि अरुणाताईंनी पहाटे उठून केलेला दोघांचा डबा. पहिल्या दिवशी त्यांनी शेजारच्या बांधकामावरून चार विटा मागून आणल्या आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे पलंगाची पायाकडची बाजू उंच केली. मग हॉलमध्ये जाऊन बसले. दर अर्ध्या तासाने बेडरूमच्या दाराशी येऊन खाकरायचे.

"सगळं ठीक?"

"हो बाबा."

"अच्छा." आणि परत खुर्ची.

देविकाला वाटलं होतं, चला, आयुष्यात पहिल्यांदा आराम मिळतोय. तीन दिवसांत तिला आरामाचा वीट आला. डाव्या कुशीवर झोपून दिसणारी भिंत पाठ झाली. नावांचं पुस्तक वाचून झालं. त्यातली निम्मी नावं शाळेतल्या नावडत्या मुलींची निघाली. टीव्ही आत आणला होता, पण दुपारी वीज जायची. अरुणाताईंनी क्रोशाची सुई आणि दोरा दिला होता. देविकाने नेटाने एक टोपी विणली. ती टोपी लिंबाला बसली असती. मग तिने विमानं मोजली. सदतिसाव्या विमानाला तिला रडू आलं, आणि नेमके तेव्हाच राजाभाऊ दाराशी येऊन खाकरले.

"सगळं ठीक?"

"नाही," देविका म्हणाली. "मला कंटाळा आलाय, बाबा. तुम्हाला नाही येत?"

 असा प्रश्न राजाभाऊंना निवृत्तीनंतर कुणी विचारला नव्हता.

"येतो," ते म्हणाले. "पण कुणाला सांगणार?"

त्या दिवशी पारा पंचेचाळीसवर गेला होता. एक वाजता डबा उघडला तर भाजीला फेस आलेला आणि वरण आंबलेलं. बसच्या दीड तासाच्या प्रवासात आणि कूलरच्या दमट हवेत डब्याने मान टाकली होती. जवळपास खायला मिळायचं ते म्हणजे मजुरांच्या टपरीवरचे ब्रेडपकोडे, आणि ते सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाईला देण्यासारखे नव्हते.

"बाबा, कुकर लावता येईल का?"

"कुणाला?"

"तुम्हाला. मी सांगते इथून. स्वयंपाकघर भिंतीपलीकडेच तर आहे."

राजाभाऊंनी घसा साफ केला. "त्याचं काय आहे, देविका, मला स्वयंपाकघरात जायची बंदी आहे."

मग तिला ती हकिकत कळली. अडुसष्ट साली लग्न झालं, सरोजिनी नगरच्या एका खोलीत बिऱ्हाड मांडलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात राजाभाऊ बायकोला चहा करून द्यायला गेले. रॉकेलचा स्टोव्ह भडकला. डाव्या भुवईचे केस गेले, पडदा गेला. नवी नवरी अरुणा घाबरून ओरडली, "पुन्हा पाऊल टाकायचं नाही इकडे!" हा आदेश राजाभाऊंनी तेहतीस वर्षं इतक्या निष्ठेने पाळला होता की तसा मंत्रालयात एकही पाळला गेला नसेल.

"म्हणजे भीती नाही," देविका म्हणाली. "सोय आहे."

राजाभाऊ चक्क लाजले. मग चपला काढून स्वयंपाकघरात गेले.

"आलो. आता?"

"तांदूळ निळ्या डब्यात. एक वाटी घ्या."

"कोणती वाटी? इथे चार मापांच्या आहेत."

"कोणतीही घ्या."

"कोणतीही म्हणजे? उद्या दुसरी घेतली तर?"

दीड वाजून गेला, तरी डाळ धुतली गेली नव्हती. राजाभाऊंना प्रत्येक गोष्ट नेमकी हवी होती. पाणी किती? बोटाचं एक पेर वर. कुणाच्या बोटाचं? मीठ? अंदाजाने. "अंदाजाने" या शब्दावर ते तडक बेडरूमच्या दारात आले, हातात मिठाची बरणी घेऊन.

"हे बघ, अंदाजाने चालणार नाही. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी हा शब्द प्रत्येक मसुद्यातून कापलाय."

"बरं. एक सपाट चमचा."

"चहाचा की जेवणाचा?"

"चहाचा, बाबा. मला भूक लागलीय."

पहिली शिट्टी झाली तेव्हा ते दचकून हॉलपर्यंत गेले आणि परत आले. अडीच वाजता दोघांनी वरणभात खाल्ला. देविकाने पलंगावर आडव्यानेच, उशी डोक्याखाली घेऊन. भात खाली किंचित लागला होता, वरणात हळद जास्त होती. राजाभाऊंनी पहिला घास घेतला, चावला, आणि दुसरा घेण्याआधी देविकाकडे पाहिलं.

"मस्त झालाय," ती म्हणाली. खरंच झाला होता, निदान अडीच वाजता तरी.

"अरुणाला सांगू नकोस हं."

"का?"

"सांगू नकोस," एवढंच ते म्हणाले, आणि भांडी घासायला गेले. भांडी घासायचं तिने सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पिशवीतून पेपरबरोबर एक नवी वही निघाली. राजाभाऊंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: विषय, साधं वरण. खाली एक, दोन, तीन असे मुद्दे, आणि शेवटी शेरा: हळद निम्मी करावी. त्याखाली कोरी पानं होती. देविकाला एकदम हुशारी आली. सकाळी उठल्या उठल्या ती आज काय शिकवायचं याचा विचार करू लागली. खरं तर तिलाही फार येत नव्हतं. कॉलेज, होस्टेल, नोकरी यांच्यात स्वयंपाक राहूनच गेला होता. जिथे अडायचं तिथे ती पुण्याला आईला फोन करायची. आईने दोन दिवस उत्तरं दिली, तिसऱ्या दिवशी विचारलं, "अगं, तू झोपलेली, मग कढीला फोडणी देतंय कोण?"

"बाबा."

 मग आई म्हणाली, "राजाभाऊ? माझे व्याही?" आणि फोनवर हात ठेवून ती बराच वेळ हसत असावी, कारण लाइनवर नुसती खरखर ऐकू आली.

खिचडी झाली, भेंडीची भाजी झाली, कढी फुटली आणि मग जमली. थालीपीठ तव्याला असं चिकटलं की राजाभाऊंनी अख्खा तवाच दाखवायला आणला. भेंडी धुऊन पुसून मग चिरायची हे कळल्यावर ते म्हणाले, "हे आधी सांगितलं असतंस तर काल तिचा लगदा झाला नसता." देविका म्हणाली, "काल मलाही माहीत नव्हतं." कूलर घरघरायचा, भिंतीपलीकडून भांड्यांचे आवाज यायचे, आणि वासावरून ती सांगायची, "बाबा, गॅस बारीक करा." मोहरीच्या तडतडण्यावरून तिला कळायचं ते कढईपासून किती लांब उभे आहेत.

अरुणाताईंचा डबा मात्र रोज येतच होता. तो सव्वानऊला पोचताच फ्रिजमध्ये जायचा आणि संध्याकाळी उन्मेषला वाढला जायचा. एकदा डबा कमी होता म्हणून देविकाने राजाभाऊंची दोडक्याची भाजी अरुणाताईंच्या डब्यात भरून ठेवली. उन्मेषने दोन घास खाल्ले आणि डोळे मिटले.

"आईच्या हातची बातच और आहे," तो म्हणाला. "तुला असं नाही जमणार. बुरा मत मानना."

"नाही मानत," देविका म्हणाली, आणि कुशीवर वळून पोट धरून हसली. फार हसायलाही तिला बंदी होती.

दुपारी जेवणं झाली की राजाभाऊ आता हॉलमध्ये जात नसत. बेडरूमच्या दारात खुर्ची ओढून बसायचे, मांडीवर परात घेऊन तांदूळ निवडायचे आणि बोलायचे. दिल्लीला आले तेव्हा मिंटो रोडच्या मेसमध्ये पाच महिने नुसता राजमा खाल्ला ते. बढती हुकली ते. उन्मेष लहानपणी "मला पोहता" म्हणायचा आणि त्याला पोहे हवे असायचे ते. देविकाही सांगायची. एकदा तिने विचारलं, "बाबा, मुलगी झाली तर?" ते म्हणाले, "तर मुलगी. मुलगा झाला तर त्याला कुकर लावायला शिकवू, मुलगी झाली तर तिला सांगू की दुसऱ्याला शिकव."

पण एका दुपारी ते गप्प होते. सगळ्या स्वयंपाकाला, वरण-भात-भाजी-कोशिंबीर आणि मागची भांडी धरून, त्यांना दोन तास लागले होते. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. हात पुसत ते खुर्चीत बसले.

"अरुणा साडेआठच्या बसला जाते," ते म्हणाले.

देविकाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"आणि डबा सव्वासातला तयार असतो. दोघांचा, शिवाय तिचा. म्हणजे उठत कधी असेल?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"मी उठतो तेव्हा चहा झालेला असतो," राजाभाऊ म्हणाले, आणि त्यांनी बराच वेळ परातीतले तांदूळ एका बाजूहून दुसऱ्या बाजूला केले.

"मग सांगा ना त्यांना आता."

"सांगतो. पोळ्या आल्या की सांगतो. अर्धवट कसं सांगायचं?"

पोळ्या सगळ्यात शेवटी ठेवल्या होत्या, कारण पोळी लाटणं पलंगावरून सांगता येत नाही. देविकाने जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो धडा घ्यायचा ठरवला. तिला पस्तिसावा आठवडा लागला होता. "आज नुसती कणीक मळायची," तिने सांगितलं. राजाभाऊ बाह्या सरसावून आत गेले. तेल, पाणी, पुन्हा पाणी, फार पाणी, मग आणखी पीठ. भिंतीपलीकडून थपाथप आवाज येत होता आणि देविका म्हणत होती, "कानाच्या पाळीसारखी मऊ झाली का? स्वतःच्या कानाला हात लावून बघा," तेव्हा तिला मांड्यांखाली एकदम ओलं आणि गरम लागलं.

तिने चादर बाजूला केली.

"बाबा."

आवाज मोठा नव्हता, पण पलीकडची थपाथप थांबली. राजाभाऊ दारात आले तेव्हा दोन्ही हात मनगटापर्यंत कणकेने माखलेले होते.

"रक्त जातंय," देविका म्हणाली.

 ते वळले आणि फोनकडे गेले. हात धुवायला थांबले नाहीत. आधी नर्सिंग होमला फोन केला, मग खालच्या मजल्यावर शिवांगीला. शिवांगी शाळेत शिकवायची, उन्हाळ्याची सुट्टी होती आणि तिच्याकडे मारुती होती. मग गॅलरीत जाऊन त्यांनी अशी हाक मारली की गेटवरचा म्हातारा चौकीदार आणि पाण्याच्या टाकीवर काम करणारा प्लंबर दोघेही धावत वर आले.

देविकाला वेताच्या खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं. चौकीदार आणि प्लंबर खुर्ची धरून, आणि राजाभाऊ समोर, उलट्या पावलांनी एकेक पायरी उतरत. "अजून अकरा," ते सांगत होते. "अजून दहा. बघू नकोस खाली, माझ्याकडे बघ. अजून नऊ."

गाडीत ते मागे तिच्याजवळ बसले. "आडवी हो. पाय वर ठेव. माझ्या मांडीवर."

"बाबा, पाय कसे तुमच्या..."

"ठेव म्हटलं ना!" राजाभाऊ तिच्यावर पहिल्यांदाच ओरडले. मग त्यांनीच तिचे पाय उचलून मांडीवर घेतले आणि रस्ताभर दोन्ही हातांनी धरून ठेवले. देविका डोळे मिटून पोटावर हात ठेवून होती. पालमपाशी गाडी वाहतुकीत अडकली आणि तेवढ्यात आतून एक लाथ बसली, चांगली सणसणीत.

"हललं," ती म्हणाली.

 खिडकीबाहेर बघत राजाभाऊंनी नुसती मान हलवली, बऱ्याच वेळा.

निरोप मिळताच अरुणाताई कचेरीतून रिक्षाने परस्पर नर्सिंग होमला पोचल्या, तेव्हा देविकाला आत नेलं होतं आणि राजाभाऊ बाहेर बाकावर एकटे बसले होते. सदऱ्यावर हळद, पॅंटवर पीठ, आणि हात पुढे धरलेले, वाळून भेगा पडलेले. कुणीतरी त्यांना हात धुवायला सांगितलंही असेल. त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

"हाताला काय लागलंय?" अरुणाताईंनी विचारलं.

"कणीक."

अरुणाताई शेजारी बसल्या.  पाऊण तासाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. रक्त थांबलं होतं, बाळाचे ठोके व्यवस्थित होते, चार-पाच दिवस इथेच ठेवायचं आणि सदतिसावा आठवडा भरला की सिझेरियन करायचं. उन्मेष नोएडाहून धापा टाकत आला, त्याला सांगितलं. तो आत गेला. मगच अरुणाताई नवऱ्याकडे वळल्या.

"कधीपासून?"

"बावीस मेपासून," राजाभाऊ म्हणाले.

"काय काय येतं?"

त्यांनी सांगितलं. कढीपर्यंत आल्यावर अरुणाताई उठल्या. "हात धुऊन या," एवढं म्हणाल्या, आणि पुढचे तीन दिवस त्या नवऱ्याशी अत्यंत सभ्यपणे बोलल्या. राजाभाऊंनी संसारात असे दिवस दोनदाच पाहिले होते. त्यांचं धाबं दणाणलं.

चौथ्या दिवशी त्या देविकाजवळ बसल्या होत्या. सफरचंद सोलता सोलता म्हणाल्या, "सत्त्याऐंशी साली मला एकशेतीन ताप होता. हे माझ्यासाठी काय घेऊन आले माहितीय? डोसा."

देविकाने ओठ घट्ट मिटले.

"मसाला डोसा, देविका. एकशेतीन तापात. का, तर म्हणे मला काही करता येत नाही."

"आई, माझं चुकलं. तुम्हाला सांगायला हवं होतं."

"हवंच होतं. तू मजा बघत होतीस."

"हो," देविका म्हणाली. खोटं बोलायला जागाच नव्हती.

अरुणाताईंनी सफरचंदाची फोड तिच्या हातात दिली. "मला एक सांग. मला तेहतीस वर्षांत जमलं नाही ते तू महिन्याभरात कसं केलंस?"

देविकाने विचार केला. "मी काहीच नाही केलं. मला उठायची बंदी होती ना. ते भाताचं पाणी मापत बसायचे तेव्हा मला इतकं वाटायचं, उठावं आणि त्यांच्या हातातून घ्यावं. पण उठता येत नव्हतं, म्हणून त्यांनाच करावं लागलं. तुम्हाला राहवलं नसतं."

"नसतं राहवलं," अरुणाताई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांना हसू फुटलं, मग ते आवरेना. "पण डोसा गं!" असं म्हणत त्यांनी पदराने डोळे पुसले.

देविका घरी आली त्याच्या पुढच्या रविवारी अरुणाताईंनी डोहाळजेवण करायचं ठरवलं. सातव्यात व्हायचं ते राहूनच गेलं होतं. थाटमाट नाही, झुला नाही, बायका बोलावणं नाही. पलंगावरच ओटी भरायची आणि गोडाचे चार घास जेवायचे. भाज्यांची पिशवी घेऊन त्या तडक स्वयंपाकघरात शिरल्या. तिथे राजाभाऊ आधीच उभे होते.

"आज मी करतो," ते म्हणाले. "पोळ्यांसकट."

अरुणाताई हॉलमध्ये येऊन बसल्या. चार मिनिटांत उठल्या. उन्मेषने बसवलं. परत उठल्या. शेवटी देविकाने हाक मारली, "आई, इकडे या. माझ्याशेजारी आडव्या व्हा. त्याशिवाय तुम्ही राहणार नाही."

मग दोघी शेजारी शेजारी पडून राहिल्या, पाय उंच करून, छताकडे बघत. भिंतीपलीकडून आवाज येत होते.

"मोहरी जळली," अरुणाताई म्हणाल्या.

"जळू द्या."

"एवढ्या मोठ्या आचेवर कोण फोडणी करतं?"

"आई."

"बरं, बरं." त्यांनी पाय आणखी सैल सोडले. "मला आठवतच नाही, दिवसाउजेडी मी अशी कधी आडवी झाले होते," त्या म्हणाल्या.

पलीकडून उन्मेषचा आवाज आला, "बाबा, ये उलटा कैसे करते हैं?" आणि राजाभाऊंचा, "उलथनं घे. ते काय समोर. उलथनं रे!" आणि उन्मेषचा, "वो क्या होता है?"

पहिली गरम पोळी राजाभाऊंनी स्वतः ताटलीत घालून आणली. ती गोल नव्हती, एका कोपऱ्यात जाड होती, पण फुगलेली होती. शेवयांची खीर, मटकीची उसळ आणि पोळी. ताटली त्यांनी आधी अरुणाताईंसमोर धरली.

"देविकाला आधी द्या. तिचं डोहाळजेवण आहे."

"तिने खाल्लंय महिनाभर. तू खा."

अरुणाताई उठून बसल्या. एक तुकडा मोडला, उसळीबरोबर तोंडात घातला. राजाभाऊ हातातलं फडकं पिळत उभे. 

"मीठ कमी आहे," अरुणाताई म्हणाल्या.

राजाभाऊंचा चेहरा पडला.

"आणखी एक आणा," त्या म्हणाल्या. "तुपाची."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सिझेरियन झालं. मुलगी झाली, जरा बारीक पण फुप्फुसं ठणठणीत. तिचं पहिलं रडणं बाहेर बाकापर्यंत ऐकू आलं. राजाभाऊंनी नर्सला तिच्या आहाराबद्दल तीन प्रश्न विचारले. नर्स म्हणाली, "अंकलजी, सहा महिने सिर्फ माँ का दूध," तेव्हा त्यांची जरा निराशाच झाली.

पुण्याहून देविकाची आई आली, पदर खोचून थेट ओट्याशी गेली आणि तिथे तिला कळलं की या घरात आता तिखटाचा डबा विचारल्याशिवाय हलवता येत नाही. दुसऱ्या दिवशी अळिवाच्या लाडवांवरून जुंपली. आई म्हणाली, नारळाच्या पाण्यात भिजवायचे. राजाभाऊ म्हणाले, दुधात. आई म्हणाली, मी तीन बाळंतपणं केली आहेत. राजाभाऊ म्हणाले, ते मान्य आहे, पण माझ्याकडे लिहून ठेवलेलं आहे. आवाज चढत गेले. देविका उशीवर कोपर टेकवून उठायला लागली.

अरुणाताई पलंगाशेजारी खुर्चीत बसल्या होत्या, पाय स्टुलावर सोडून, मांडीवर नात. रजा मंजूर होऊन दोनच दिवस झाले होते. त्यांनी देविकाच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत झोपवलं.

"पडून राहा," त्या म्हणाल्या. "चांगलं चाललंय त्यांचं."